डोहातल्या लेकींची खबर

खापा, बुधवार, ३ जून

चि. धर्मेंद्र,

हे पत्र तुह्या आजीचं आहे आणि अक्षर तुह्या बायकोचं. दोघींपैकी जिच्यावर राग कमी असन तिचं समजून वाच.

फोन लावला की तू कापतो. मग माह्यं बोलणं अर्धं राहून जाते. म्हणून हा कागद. कागदही फाडता येतो, पण फाडायच्या आधी माणूस एकदा वाचतेच. सुमंत दुधाची गाडी घेऊन कळमेश्वरले येतो, त्याच्या हाती देऊन राहिली. मले अक्षर येत नाही हे खरं, पण श्वेतानं काय लिहिलं ते मी तिच्याकडून परत वाचून घेते. तिनं मधात आपलं काही घुसवलं तर मले कळते. आत्ताच एक ओळ खोडायले लावली. कोणती ते विचारू नको, नवराबायकोचं होतं.

तू घाटावरच्या बैठकीतून उठून गेला, मागं वळून पाहिलं नाही. तुले वाटत असन, लोक मागून लय बोलले. लोक आपआपल्या चपला शोधून घरी गेले. बोलले ते तू समोर बसला होता तवाच. रुपराव भाऊजींनी भरल्या लोकांत म्हटलं, ह्याच पोट्ट्यानं संत्र्याची फवारणी करून औषधाचा ड्रम नदीत धुतला, ह्यानंच डोहातल्या लेकी मारल्या. आणि मग मांडीवरचा पानाचा डबा उघडून बसले. माह्या नवऱ्याचा सख्खा भाऊ, तुह्या बापाचा काका. घरच्या पोराले एवढं बोलल्यावर पान गोड लागलं का, हे मले विचारायचं होतं. पण तोंडात पान असलेल्या माणसाले काही विचारून फायदा नसते.

मी तुले एवढंच विचारलं होतं, की ड्रम कुठी धुतला. तू म्हणाला, "आजी, तू पण?" आणि चपला पायात घातल्या. अरे, म्हातारीनं विचारलं म्हणजे तिनं संशय घेतला असं नसते. (इथं श्वेतानं पेन थांबवून माह्याकडे पाहिलं. लिही वं, म्हटलं, पाहून नको राहू.)

तू गेल्यावर डोहात आणखी दोन लेकी पोट वर करून तरंगल्या. रीतीप्रमाणं केलं. हळदकुंकू लावलं, हिरवा खण अंगावर घातला, तांदूळ-नारळानं ओटी भरली आणि रेतीत पुरलं. एक तर एवढी मोठी होती, की खण शेपटीपर्यंत पुरला नाही. कामिनीनं, रुपराव भाऊजींच्या सुनेनं, आपल्या पदराचा तुकडा फाडून लावला. घरी सासूनं विचारलं तर काय सांगणार होती कोण जाणे.

त्या रात्री तुही बायको म्हणाली, आजी, हे कोणाले तरी कळवा लागते. कोणाले, म्हटलं. ती म्हणे, मेलेल्या माशांची खबर घेणारेही सरकारात असतात. मले हसू आलं. जिवंत माणसाची खबर घ्यायले तलाठी भेटत नाही. पण तिनं सकाळी मोबाईलमध्ये शोधलं, आधी वनखात्याले लावलं, त्यांनी नागपूरच्या मासेवाल्या हापिसाचा नंबर दिला. तिथं एका साहेबानं फोन उचलला. श्वेतानं स्पीकर लावला.

साहेब म्हणाले, मासा कोणता?

मी म्हटलं, लेक.

मग श्वेतानं महाशीर सांगितलं. साहेब एकदम नीट बसले असं आवाजावरून वाटलं. म्हणाले, महाशीर फार कमी उरलेत, मासा कुठं आहे? पुरला. का पुरला? मेला म्हणून. मी त्यांले सगळं समजावून सांगितलं. पाणी चढलं की ह्या मोठ्या मासोळ्या खालून आपल्या डोहात येतात, म्हणून गावानं त्यांले माहेरवाशिणी मानलं, कोणी धरत नाही, कोणी खात नाही, आणि मेली तर ओटी भरल्याशिवाय पाठवत नाही. मी विचारलं, उकरून काढू का? ते म्हणाले, नको आजी, एवढ्या दिवसांच्या आणि हळद लागलेल्या माशाचं काही तपासता येत नाही.

मग त्यांनी सांगितलं ते श्वेतानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं. पुढं मेलेला दिसला तर हात लावायचा नाही. जागेवरून हलवायचा नाही, पुरायचा नाही, खायचा तर सवालच नाही. बाजूनं आणि तोंडाकडून फोटो काढायचा. लांबी कळावी म्हणून शेजारी कोणतीही ओळखीची वस्तू ठेवायची. जागा कोणती, वेळ कोणती, पाण्याचा रंग-वास कसा, बाकीचे मासे काय करून राहिले, हे सांगायचं. आणि लगेच फोन करायचा. माणूस येईपर्यंत कुत्रे-कावळे लांब ठेवायचे.

म्हणजे आता पुढची मेली तरच काही कळन. आणि मरू तर नये. दोन्ही एकाच वेळी मनात घेऊन बसली आहे.

तुह्या जेवणाचं काय ते सांग. सुमंत म्हणतो खानावळीत जेवतो. दिसते ते चेहऱ्यावर, असंही म्हणतो.

अंगठा आजीचा.


खापा, रविवार, ७ जून

धर्मा,

मेली. आज उजाडतानी. देवळाच्या पायऱ्यांखाली, पाण्याच्या काठाले, तोंड उघडं. श्वेता घागर घेऊन गेली होती, तिथूनच पळत आली.

मी काठी घेतली आणि घाटावर गेली. तुह्या बायकोनं फोटो काढले. शेजारी ठेवायले काही हाती नव्हतं तर मी माही चप्पल काढून ठेवली. माशाले चपलेची बरोबरी करायचा दिवस माह्यावर आला. दोन चपला आणि वर चार बोटं, एवढी लेक. बाकीचे मासे पाण्याच्या वर तोंड काढून हवा पिऊन राहिले होते, जसं लहान लेकरू भरल्या नाकानं तोंडानं श्वास घेते. फोटो पाठवून हे पण श्वेतानं फोनवर सांगितलं. तिकडून निरोप आला, मॅडम निघतात, हलवू नका.

नागपूर काही खिडकीत नाही. मी पायरीवर बसली, डोक्यावर छत्री. कावळे आले, त्यांले काठी दाखवली. कुत्रा आला, त्याले शिवी दिली. कुत्रे-कावळे सोपे असतात धर्मा. बायका अवघड.

कामिनी ताट घेऊन आली. ताटात खण, नारळ, हळद. तिच्या मागं आणखी दोघी.

मी म्हटलं, परत ने.

ती म्हणाली, "आजी, लेक उन्हात पडली आहे, आणि तुमी ओटी भरू देत नाही? तुमी?"

ते शेवटचं तुमी मले लागलं. ह्या घाटावर ओटी भरायची रीत मीच तिले शिकवली होती, ती सून म्हणून आली त्या वर्षी. मी म्हटलं, "हळद लागली की हिचं तोंड बंद होते वं. हिले काही सांगायचं आहे, सांगू दे."

कामिनी ताट घेऊन तशीच उभी राहिली. घरी गेली नाही. काही वेळानं माह्या बाजूले बसली आणि पदरानं लेकीले वारा घालू लागली. म्हणजे माशा हाकलू लागली. पण वारा घातल्यासारखंच.

मग रुपराव भाऊजी आले. त्यांनी काठावर पाहिलं, मले पाहिलं. म्हणाले, "वहिनी, घरची लेक अशी उघड्यावर ठेवता?"

आता ऐक मी काय म्हटलं, कारण हे गावभर गेलं आहे आणि तुले कोणी तिखटमीठ लावून सांगन. मी म्हटलं, "तिले कोणी मारलं ते पाहून मग झाकू. तुमी त्या दिवशी पाहून बोलले होते का?"

त्यांनी पानाचा डबा काढला, उघडला, परत बंद केला.

मी हे तुह्यासाठी केलं असं मनात आणू नको. मी माशासाठी बसली होती. तुह्यासाठी उन्हात बसायले मी का वेडी आहे? तुह्यासाठी बसायले तुही बायको आहे, ती बसलीच होती. मधात हळूच तिनं मले विचारलं, आजी, तपासणीत फवारणीचं औषधच निघालं तर? तिचं तोंड एवढंसं झालं होतं. मी म्हटलं, तर निघन. मग धर्माच्या तोंडून ऐकू. आतापर्यंत सगळ्यांनी त्याले सांगितलं, त्याचं कोणी ऐकलं नाही.

इथं पेन थांबवून ती म्हणते, त्यानं तर बैठकीत आधीच सांगितलं होतं आजी. ड्रम पाटलाच्या संत्र्याच्या बागेतल्या विहिरीवर धुतला म्हणून.

बरोबर आहे. सांगितलं होतं. हे तसंच लिहायले लावून राहिली.

मॅडम दुपार व्हायच्या आत आल्या. भैरवी नाव. वय तुह्याएवढंच, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, गाडीत बर्फाची पेटी. उतरल्या उतरल्या माह्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ही ती चप्पल का? रविवार असून आमच्या सगळ्या हापिसानं फोनवर पाहिली." नागपूरच्या सरकारी हापिसात मी जन्मात गेली नाही, माही चप्पल जाऊन आली.

त्यांनी हातमोजे घालून लेक मोजली, कल्ले उघडून पाहिले, पिशवीत घालून बर्फात ठेवली. पाण्यात एक तारेचं यंत्र सोडून त्याचा आकडा लिहून घेतला. वरच्या घाटावरचं, बागेच्या नाल्याचं, डोहातलं, सगळीकडचं पाणी बाटल्यांत भरलं. काठीनं तळाचा गाळ काढला, तो काळा आणि असा घाण वासाचा होता की कामिनीनं पदर नाकाले लावला. मॅडमनं विचारलं, तुम्ही नदीत काय टाकता?

सगळे एका आवाजात म्हणाले, काहीच नाही.

तेवढ्यात मागं पाण्यात धपकन आवाज झाला. मग परत. एक बाई, सावनेरकडच्या असाव्या, अधिक महिन्याचं वाण म्हणून कणकेचे धोंडे पाण्यात सोडून राहिल्या होत्या. परडी भरून. मॅडम बघतच राहिल्या. रुपराव भाऊजी म्हणाले, तो प्रसाद आहे, ते टाकणं नव्हे.

मॅडमनं वहीत काही लिहिलं. आम्हांले वाचून दाखवलं नाही.

पेटी गाडीत चढवली तवा कामिनी अजून ताट धरून होती. नारळ तसाच. मीही उभी होती, हात रिकामे. एवढी वर्षं एकही लेक अशी गेली नव्हती.

अंगठा. आणि थोडा गाळ, तो पुसला जात नाही.


खापा, रविवार, १४ जून

धर्मा,

बस. हे उभ्यानं वाचू नको.

औषध नाही निघालं.

श्वेता म्हणते आजी, हीच ओळ दोनदा लिहिते. मी म्हटलं, लिही. औषध नाही निघालं. माशात नाही, पाण्यात नाही, वरच्या घाटावर नाही, बागेच्या नाल्यात नाही. काल मॅडम स्वतः आल्या आणि देवळासमोर सगळ्यांले बसवून सांगितलं. आता जसं त्यांनी सांगितलं तसं मी सांगते, कारण मले ते पाठ झालं आहे.

पाण्यातही हवा असते. मासा तीच पितो. यंदा उन्हाळ्यानं डोह अर्ध्यावर आला, धार तुटली, पाणी थांबलं. वरून आला धोंड्याचा महिना. खाप्याचे तर सोड, नागपूरचे लोक गाड्या करून आले. जावयाले तेहतीस देतात तर डोहातल्या लेकींलेही तेहतीस, असं कोणीतरी सुरू केलं आणि मग कोणी मागं राहीना. लेकी खाऊन खाऊन थकल्या, उरलेली कणिक तळाले गेली, सडली. सडणारी वस्तू पाण्यातली हवा खाऊन टाकते. पहाटेपर्यंत हवा उरतच नव्हती. मोठ्या देहाले जास्त लागते, म्हणून मोठ्या आधी गेल्या. मॅडम म्हणाल्या, फवारणीचं विष असतं तर झिंगे, खेकडे, पाण्यावरचे किडे आधी मेले असते, लहान मासे आधी मेले असते. ते सगळे तर जिवंत आहेत. आणि लेकीच्या पोटात काय निघालं? कणिक. गच्च.

म्हणजे आपण त्यांले जेवू घालून घालून मारलं. सासरी पोरगी उपाशी मेल्याचं ऐकलं होतं, माहेरी खाऊन मेलेल्या ह्याच पहिल्या.

सगळे आपआपल्या परड्या आठवत होते. मी पण. मग मी हसली. लाज वाटली, पण हसू थांबेना. तुह्या बायकोनं तोंडाले पदर लावला आणि रडू लागली, आणि मले कळेना की हिच्यासोबत रडू का आपलं हसणं चालू ठेवू. शेवटी दोन्ही केलं. मॅडमले वाटलं म्हातारीले ऊन लागलं, त्यांनी पाणी दिलं.

एवढं हलकं मले कधी वाटलं होतं आठवत नाही. रात्री जेवली. दोन भाकरी. श्वेता म्हणते तीन, तिले मोजायची सवय आहे.

मॅडमनं हेही सांगितलं, की बरं झालं तुम्ही ह्या वेळी पुरला नाही. मेलेला मासा आहे तसा मिळाला म्हणून कारण मिळालं, नाही तर अंदाजच करत बसलो असतो आम्ही. अंदाज म्हटल्यावर मी कोणाकडे पाहिलं ते तुले कळलं असन.

रुपराव भाऊजींनी तुही माफी मागितली का? नाही. त्यांचा स्वभाव तुले माहीत आहे. पण आज सकाळपासून घाटाच्या वरच्या पायरीवर खुर्ची टाकून बसले आहेत, आणि जो परडी घेऊन येते त्याले हात आडवा करतात. उद्या महिना संपते, म्हणून आज गर्दी. एका नागपूरच्या माणसानं म्हटलं, बाबा, आमचा नवस आहे. भाऊजी म्हणाले, "नवस गाईले खाऊ घाला. इथं कणकेनं आमच्या लेकी गेल्या आणि मी घरच्या पोराचं नाव घेतलं." हे त्यांनी परक्या माणसाले सांगितलं, ज्याले त्याचं काही घेणंदेणं नाही. मी देवळामागं होती, मले ऐकू आलं. त्यांले माहीत नाही मी होती.

मी तुले ये म्हणत नाही. तू मोठा आहे. तिकडे कंपनीत काम लागलं आहे म्हणे, चांगलं आहे. पुढच्या फवारणीच्या हंगामाले अजून वेळ आहे. फवारा मारायचा ब्लोअर गोठ्यात उभा आहे, त्याच्यावर कोंबडी बसते. मी फक्त कोंबडीचं सांगून राहिली.

श्वेताले एक ओळ लिहायची आहे. लिही वं, ह्या वेळी मी वाचून घेत नाही.

...

लिहिली तिनं. लय वेळ लागला एका ओळीले.

अंगठा.


खापा, रविवार, २८ जून

सौ. भैरवी मॅडम, मुक्काम नागपूर,

खाप्याच्या प्रयागबाईचा नमस्कार.

तुम्ही श्वेताले फोनवर विचारत होत्या आता डोह कसा आहे. फोनवर ती दोन शब्दांत आटपते, म्हणून कागद पाठवते. कागदावर मी आटपत नाही. ह्या वेळी अक्षर वेगळं दिसन. श्वेताचं गोल होतं, हे असं फवारा मारल्यासारखं आहे. वाचायले त्रास झाला तर माफ करा, लिहिणाऱ्याले सांगून पाहिलं.

पाणी वाढलं, धार सुरू झाली. काळा वास गेला. तुम्ही सांगितल्याप्रमाणं पायऱ्यांवर मोठा फलक लावला. कणिक टाकू नका, मेलेला मासा दिसला तर हात लावू नका, फोटो काढा, ह्या नंबरवर कळवा. खाली तुमच्या हापिसाचा नंबर. आमच्या बायकांनी विचारलं की मग ओटीचं काय. ठरलं असं, की मॅडमची गाडी येऊन मासा घेऊन गेली की रिकाम्या जागेले ओटी भरायची. देवाले चालन असं मीच सांगितलं. देवानं नाही म्हटलं नाही.

आता काम सांगते. तुम्ही मेलेल्याची खबर द्यायले सांगितली. जिवंताची घेता का? काल सकाळी देवळाच्या वरच्या अंगाले, जिथं धार दगडांवरून येते, तिथं लेकी दिसल्या. मोठ्या. पाठीवर ऊन पडलं की सोनं चमकल्यासारखं होते. वेळ, सकाळच्या आरतीनंतर. पाण्याचा रंग थोडा मातकट, वास नाही. बाकीचे मासे आपापल्या कामात. फोटो काढायले गेलो तर दिसल्या आणि गेल्या. म्हणून फोटो नाही. माह्या शब्दावर ठेवा लागन.

आणखी सांगायचं म्हणजे, आमचे भाऊजी, तेच पानाचा डबावाले, मागच्या आठवड्यात एक दिवस दुधाच्या गाडीत कॅनांच्या मधात बसून कळमेश्वरले गेले. सत्तरी पार केलेला माणूस. कंपनीच्या गेटसमोर पाळी सुटेपर्यंत उभे राहिले. पुढं त्यांनी माह्या नातवाले काय म्हटलं आणि नातवानं काय म्हटलं, ते दोघांपैकी कोणी सांगत नाही. मी दोघांलेही अलग अलग विचारलं. एकमेकांशी अजून सरळ बोलत नाहीत, पण येतानी दोघं त्याच गाडीत आले, आणि दोघांच्याही कपड्याले दुधाचा वास होता.

शेवटची ओळ सांगितली तर लिहिणारा म्हणतो, आजी, ह्याचा मॅडमले काय उपयोग, हे त्यांच्या खात्याचं नाही. मी म्हटलं, लिही.

माहा नातू घरी आला.

अंगठा.